वायर जोडली, तरी स्पीड ९४ वरच का अडतो?

गेल्या उन्हाळ्यात सेलूहून दाजींचा फोन आला. "अरे, तीनशेचं नेट घेतलंय, वरच्या खोलीपर्यंत वायर ओढून घेतली, तरी पोरीच्या कॉम्प्युटरवर नुसतं चक्र फिरायलंय. कंपनीचा पोरगा दोनदा येऊन गेला. राउटरपाशी उभं राहून मोबाइलवर तीनशे दाखवतो अन् निघून जातो."

भाची पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर मोठमोठ्या फायली खाली-वर करायच्या, त्यात मीटिंगा. मी म्हणालो, "दाजी, तिला वायर लावून तीनदा स्पीड टेस्ट करायला सांगा अन् आकडे कळवा."

दहा मिनिटांत आकडे आले. ९४.२, ९४.६, ९४.१.

खराब नेट इतक्या शिस्तीत खराब नसतं. लाइनीवर गर्दी असती तर कधी ४० आला असता, कधी १८०. हा आकडा तर सुतारानं पट्टी लावून कापल्यासारखा. वायरवाल्या नेटमध्ये ९४-९५ हा फार ओळखीचा आकडा आहे. तो दिसला की कंपनीच्या नावानं बोटं मोडणं थांबवायचं आणि घरातली वायर हातात घ्यायची. परभणीहून निघताना मी पिशवीत क्रिम्पिंगचा पाना, टेस्टर, एक ब्लेड आणि वायरीच्या टोकाला बसवायचे चार कनेक्टर टाकले. दुखणं कुठल्या बाजूला असणार ते कळलं होतं, फक्त नेमकी जागा शोधायची होती.

पुढं जाण्याआधी एक घोळ मिटवून टाकू, कारण निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. प्लॅनवर आणि स्पीड टेस्टमध्ये आकडा असतो तो सेकंदाला मेगाबिटमध्ये, आणि डाउनलोड होताना खिडकीत दिसतं ते बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. म्हणजे ३०० चा प्लॅन असेल आणि फाइल सेकंदाला ३७ मेगाबाइटनं उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण माप मिळतंय, कुणी काटा मारलेला नाही. १०० च्या प्लॅनला साडेबारा म्हणजे पूर्ण. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी या एका गुणाकारावरून कनेक्शन बदललं होतं. नव्या ठिकाणीही ३७ च यायला लागले, तेव्हा मला हाक मारली.

आता ९४ कडे. लॅन वायरीच्या दोन टोकांना असलेली यंत्रं, म्हणजे इकडं राउटर आणि तिकडं कॉम्प्युटर, जोडताक्षणी आपसात बोलून वेग ठरवतात. या ठरलेल्या जोडणीला लिंक म्हणतात. त्यांच्याकडं ठरलेल्या पायऱ्या आहेत : १०, १०० आणि १०००. हल्ली २५०० वालेही पोर्ट, म्हणजे वायर खोचायची भोकं, आले आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू. मधली पायरी नाही. तीनशेची लिंक असा प्रकार नसतो. एक तर हजारावर ठरतं, नाहीतर शंभरावर. काही कारणानं शंभरावर ठरलं, की मागं प्लॅन तीनशेचा असो की पाचशेचा, त्या वायरीतून शंभराच्या वर थेंब पडत नाही.

मग शंभर का दिसत नाहीत, ९४ च का? मोंढ्यात पोतं काट्यावर ठेवलं की बारदानाचं वजन वजा होतं, तसंच हे. नेटवरचा माल लहान लहान पाकिटांतून जातो. एका पाकिटात आपला खरा माल जास्तीत जास्त १४६० बाइट. त्यावर पत्ते, तपासणीचा आकडा, पाकीट सुरू होण्याआधीची सूचना आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा हे सगळं धरून तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते. १४६० ला १५३८ नं भागा : ०.९४९. शंभरातले ९४.९ आपले, बाकी बारदान. कॉम्प्युटर प्रत्येक पाकिटावर वेळेचा शिक्का मारत असेल तर आणखी बारा बाइट जातात, आणि आकडा ९४.१ वर येतो. हजाराच्या लिंकवर हाच हिशेब ९४० च्या आसपास बसतो. म्हणून ९४ हा आकडा म्हणजे शंभराची लिंक अगदी ठणठणीत, पूर्ण भरून वाहते आहे याचा पुरावा. अडचण एवढीच की ती हजाराची असायला हवी होती.

स्पीड टेस्ट न लावताही हे बघता येतं. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं इथरनेट उघडलं की 'लिंक स्पीड' असं लिहिलेलं सापडतं. १०००/१००० असेल तर वायर बरी आहे. १००/१०० असेल तर शोध सुरू करायचा. बघताना लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. वायर लावलेली आणि आकडे वायफायचे, अशी फसगत माझीही झाली आहे.

शंभरावर कोण अडवतं? राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक साखळी असते आणि त्यातली सगळ्यांत कमजोर कडी वेग ठरवते. वायरीवर जाण्याआधी दोन्ही टोकं बघून घ्यावीत, कारण ते फुकटचं काम आहे. स्वस्तातले पुष्कळसे राउटर डब्यावर बाराशेचा आकडा मिरवतात, पण तो वायफायचा असतो. मागचे पोर्ट शंभराचेच. फायबरच्या काही डब्यांवर एकच पोर्ट हजाराचा आणि बाकीचे शंभराचे असतात. पोर्टशेजारी जीई किंवा एफई अशी बारीक अक्षरं असतील तर जीई म्हणजे हजार, एफई म्हणजे शंभर. वायर नुसती शेजारच्या भोकात सरकवून तक्रार मिटल्याचं मी दोन ठिकाणी तरी पाहिलं आहे. मध्ये जुना पाच पोर्टचा स्विच, म्हणजे एका वायरीवरून अनेक यंत्रं जोडायचा डबा, लावलेला असेल तर तो शंभराचा असू शकतो. लॅपटॉपला यूएसबीतून लॅन काढणारी स्वस्त पिन लावली असेल तर तीही बहुधा शंभराचीच.

इथं एक गैरसमज. "टीव्हीला लॅन लावल्यापासून सगळं घर मंद झालं," असं लोक म्हणतात. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट शंभराचाच असतो हे खरं, पण आजच्या स्विचवर प्रत्येक पोर्ट आपापल्या वेगानं चालतो. टीव्ही शंभरानं चालला म्हणून शेजारचा कॉम्प्युटर शंभरावर येत नाही. आणि फोरके चित्रपटाला २५ पुरतात, तेव्हा टीव्हीसाठी जीव जाळायचं कारणच नाही.

सेलूला गेल्यावर मी आधी हेच केलं. दाजींचं घर जुनं, माळवदाचं. पुढं ढाळज, मागं दोन खोल्या, दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, आणि एका अंगाला अलीकडं बांधलेली स्लॅबची वरची खोली. अशा भिंतीतून वायफाय जात नाही, म्हणून वायर. ती ढाळजेतून निघून माळवदावरून, उन्हातान्हातून वर जाते. राउटरचा पोर्ट हजाराचा होता. भाचीचा लॅपटॉप खाली आणून माझ्याकडच्या हातभर चांगल्या वायरीनं थेट राउटरला लावला : लिंक १०००, टेस्टमध्ये २९६. म्हणजे कंपनी सुटली, राउटर सुटला, लॅपटॉप सुटला. उरली ती माळवदावरची वायर. घरातलं नेट तपासायची मला माहीत असलेली सगळ्यांत खात्रीची रीत हीच आहे : छोट्या, चांगल्या वायरीनं मुळापाशी जायचं आणि तिथून एकेक वस्तू जोडत परत यायचं. जिथं आकडा पडतो, तिथं रोग.

आता वायरीच्या पोटात काय असतं ते बघू, कारण गंमत तिथं आहे. लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. शंभराच्या लिंकला यातल्या दोनच जोड्या लागतात : १-२ आणि ३-६ या क्रमांकांच्या तारा. हजाराला चारही लागतात. त्यामुळं एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, आणि हेच फसवं आहे. चौथी, पाचवी, सातवी किंवा आठवी तार गेली तर दोन्ही यंत्रं थोडा वेळ हजाराचा प्रयत्न करतात, जमत नाही म्हटल्यावर गुपचूप शंभरावर उतरतात. हिरवा दिवा लागतो, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कुणाला शंका येत नाही. काही जण तर मुद्दामच एका वायरीच्या चार-चार तारा वाटून दोन खोल्यांना कनेक्शन देतात. वायर वाचते, आणि दोन्ही खोल्या कायमच्या शंभरावर अडकतात.

वरच्या टोकाला टेस्टर लावला. हा खेळण्यासारखा डबा असतो, काहीशे रुपयांत मिळतो. एक तुकडा या टोकाला, एक त्या टोकाला, आणि एक ते आठ दिवे ओळीनं पेटत जातात. दाजी खाली ढाळजेत बसून मोठ्यानं मोजत होते, "एक... दोन... तीन... चार... पाच... सहा..." आणि मग थेट "आठ!" पुन्हा फिरवलं. पुन्हा सातवर अंधार.

कनेक्टर कापला आणि वरचं आवरण दोन इंच सोललं. पांढऱ्या-तपकिरी तारेला नुसतं बोटानं वाकवलं तर ती तुटून हातात आली. तांब्याची तार अशी तुटत नाही. दहा-पंधरा वेळा मागं-पुढं केल्याशिवाय ती सोडत नाही. ब्लेडनं त्या तुकड्याला हलकं खरवडलं आणि दाजींना दाखवलं. वरून तांबूस, आत पांढरीफेक. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

बाजारात हिला सीसीए म्हणतात आणि डब्यावर ठळक अक्षरांत 'कॅट सिक्स' लिहिलेलं असतं. खरं तर कॅट ५ई, कॅट ६ या दर्जांच्या नियमात तार सबंध तांब्याचीच लागते. अ‍ॅल्युमिनियम त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा विजेला दीडपटीहून जास्त अडवतं, शिवाय ठिसूळ असतं. वळणावर, कनेक्टरच्या तोंडाशी, उन्हानं तापून-निवून ते दम तोडतं. ज्या कॅमेऱ्यांना वीजही लॅन वायरीतूनच जाते, तिथं तर ही वायर लावूच नये, तापते. दुकानात ओळखायची खूण सोपी : वायरीचं बंडल उचलून बघा, सीसीएचं हलकं लागतं. पटत नसेल तर दुकानदारासमोर एक तार खरवडा. चिडला तर उत्तर मिळालंच.

कॅट ६ च हवी का? घरासाठी नाही. चांगल्या तांब्याची कॅट ५ई हजाराचा वेग १०० मीटरपर्यंत नेते, म्हणजे सव्वातीनशे फूट. एवढं मोठं घर सेलूत कुणाचं असेल तर मला जेवायला बोलवावं. "वायर लांब पडली म्हणून स्पीड कमी" हे कारण घरात जवळजवळ कधीच खरं नसतं.

पण टेस्टरवर आठही दिवे पेटले म्हणजे वायर निर्दोष, असंही नाही. परभणीतच एका गुरुजींच्या बंगल्यात हा अनुभव आला. लिंक हजाराची, दिवे आठही सरळ, तरी टेस्टमध्ये कधी २१०, कधी ३०, मध्येच लिंक तुटायची. कनेक्टर डोळ्यांपाशी धरला आणि कळलं. वायरिंग करणाऱ्यानं मोठ्या नीटपणे जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या : नारंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दिसायला छान. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून दिवे बरोबर. पण यंत्र तिसऱ्या आणि सहाव्या तारेला एक जोडी मानतं, आणि इथं तिसरी हिरव्या पिळातली तर सहावी निळ्या पिळातली झाली होती.

पिळाचं महत्त्व काय? दोन तारा एकमेकींभोवती गुंडाळल्या की बाहेरचा उपद्रव, म्हणजे पंखा, मोटार, शेजारची तार, दोघींवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं, त्यामुळं सारखा पडलेला उपद्रव वजा होऊन जातो. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची. १८८१ सालचं त्याचं पेटंट आहे. आपल्या घरातल्या वायरीत तीच चालते. जोडी फुटली की वजाबाकी चुकते, पाकिटं खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात, आणि वेग झोके खातो. साध्या टेस्टरला हे दिसत नाही. तो फक्त तार इकडून तिकडं पोचली का एवढंच बघतो.

म्हणून रंगांचा क्रम पाठच करावा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची चिमटी पलीकडं, सोनेरी पट्ट्या आपल्याकडं आणि वायर खाली धरून डावीकडून मोजायचं. निळी जोडी हिरव्याच्या पोटात येते ते पाहून हात थबकतो, पण तेच बरोबर. आणि पीळ सोडवताना अर्ध्या इंचाच्या वर सोडू नये. माझा पहिला महिना सुंदर, लांब, सरळ विंचरलेल्या तारांचे कनेक्टर करण्यात गेला आणि ते सगळे पुन्हा करावे लागले.

झोके खाणाऱ्या आकड्याचं आणखी एक कारण म्हणजे कुणीतरी शहाणपणानं एका बाजूचा वेग हातानं '१०० फुल डुप्लेक्स' करून ठेवलेला असतो. दुसरी बाजू बोलणी करायला जाते, पलीकडून उत्तर येत नाही, मग ती स्वतःला हाफ डुप्लेक्स मानून बसते. एक एकाच वेळी बोलतो-ऐकतो, दुसरा आळीपाळीनं. वेग अक्षरशः रांगतो. दोन्हीकडं 'ऑटो' ठेवा, विषय संपला. आकडा साडेनऊच्या आसपास स्थिर असेल तर लिंक १० वर पडली आहे. कनेक्टर किंवा पोर्ट फारच खराब झाल्याची ती खूण.

वायर आजारी आहे का हे बघायला पिंगही चांगलं, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढं राउटरचा पत्ता टाकायचा, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायरीवर प्रत्येक उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. घरातल्या घरात मध्येच 'टाइम्ड आउट' येत असेल तर बाहेरच्या कुणालाही दोष देऊ नका. आणि अचानक सगळ्याच घराचं नेट मेलं, स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली आहेत का ते बघा. सुट्टीत भाचरं आलेली असली तर हे आधी बघा.

आपल्याकडच्या हवेचं वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि घरात लावायची साधी पांढरी-राखाडी वायर माळवदावर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. मग पहिल्या वळवाचं पाणी आत शिरतं. बाहेरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची बाहेर लावायची वायर घ्या आणि ती पाइपातून न्या. पाइपामुळं उंदीर-खारीही लांब राहतात. लाइटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून लॅन नेऊ नका. वेगाचं नंतर बघू, आधी ते धोक्याचं आहे.

वळवाच्या विजांनी पोर्ट जळतात हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असतं ते असं की पोर्ट अर्धाही जळतो. चारातल्या एका जोडीचा भाग जातो आणि त्या दिवसापासून तो हजाराचा पोर्ट शंभरावर चालायला लागतो. वायर नवी टाकली, कनेक्टर तीनदा केले, तरी ९४ हटत नाही, तेव्हा तीच वायर राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावून बघा. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत, वाड्यातून शेतातल्या आखाड्यावर वगैरे न्यायचं असेल तर तांबं नकोच, फायबर टाका. काचेतून वीज येत नाही.

एवढं सगळं करून, छोट्या वायरीनं थेट राउटरला लावूनही आकडा कमीच आला, तर मात्र कंपनीला धरा. पण धरण्याआधी पहाटे पाचला एकदा आणि रात्री नऊला एकदा मोजा. फायबरच्या एका धाग्यावरून येणारे साधारण अडीच गिगाबिट बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, त्यामुळं पहाटे पूर्ण आणि रात्री निम्मं येत असेल तर ती गर्दी आहे. महिन्याची डेटा मर्यादा संपलीय का तेही बघा, नाहीतर फोनवर तेच ऐकून घ्यावं लागतं. वायरीवरचे, तारीख-वेळेसह आकडे हातात असले की बोलणं सरळ होतं. वायफायचे आकडे सांगितले की पलीकडचा माणूस लगेच म्हणतो, "सर, राउटर थोडा उंचावर ठेवा."

दाजींकडं त्या दिवशी मी फक्त दोन्ही टोकं नव्यानं करू शकलो असतो. केलीही आधी, लिंक हजारावर आली, २९१ दिसले, दाजी खूश. मीच म्हणालो की ही वायर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुठंतरी तुटणार. संध्याकाळी बाजारातून चाळीस मीटर तांब्याची वायर आणली, दुकानात दाजींनी स्वतः ब्लेडनं खरवडून घेतली. जुनी त्यांनी टाकून दिली नाही. परवा भाचीनं फोटो पाठवला, दोडक्याचा वेल चढवायला अंगणात तीच ओढलीय, आणि दोन ठिकाणी तुटलेली गाठ मारून जोडलीय.